रामेश्वराच्या पुढे

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सीताबर्डीतल्या त्या गल्लीतल्या बायकांना एकच विषय पुरला. चंपतराव वकिलांच्या घरच्या रुख्मिणीबाई रामेश्वराला निघाल्या होत्या, आणि रामेश्वराला थांबणार नव्हत्या. समुद्र ओलांडून लंकेत जाणार होत्या. बातमी फोडली होती प्रेमिलानं. ती भिंतीला भिंत लागून राहायची आणि तिच्या पोटात कुठलीच गोष्ट फार वेळ राहत नसे.

"अशोकवन पाहून येजो," एकीनं सांगितलं. "सीतामाय बसली होती ते झाड अजून हाय म्हणते."

"तिथले लोक आपल्यासारखेच असते का वं?" दुसरीनं विचारलं.

"मले का मालूम? पाहून आली का सांगीन," रुख्मिणीबाई म्हणाल्या आणि पुढच्या बाईला वाण द्यायला वळल्या.

प्रश्न विचारायची खोड खरं तर त्यांचीच. त्या भंडाऱ्याकडच्या मालगुजाराच्या लेक. तलाव बांधण्यासाठी नाव असलेल्या कोहळी जातीतल्या. लहानपण तलावाच्या बांधावर, पाळीवर, गेलेलं. पाणी सोडायच्या तोंडाला, म्हणजे तुडुमाला, बूच बसवणाऱ्या माणसाच्या मागे मागे त्या फिरायच्या आणि हे पाणी आता कुठी जाते, मग कुठी जाते, मग कुठी, असं त्या माणसाला रडकुंडीला आणायच्या. लग्न होऊन नागपुरास आल्यावर विचारायला माणूसच उरलं नाही. चंपतराव दिवसभर कोर्टात. त्यांची वकिली बहुतेक तलावांच्याच पाण्यावर चालायची. वरच्या गावानं पाणी अडवलं, खालच्या गावानं पाळ फोडली, असले खटले. घरी आले की ते बोलून दमलेले असायचे.

आणि आता तीन वर्षं त्यांच्या घरात एका माणसाचं नाव काढायचं नाही, असा रिवाज पडला होता. ते माणूस म्हणजे त्यांची एकुलती एक लेक गोपिका.

गोपिका डॉक्टर झाली तेव्हा चंपतरावांनीच गल्लीत पेढे वाटले होते. पस्तीस साली लंकेत हिवतापाची साथ आली, माणसं पटापट मरू लागली, तेव्हा मदतीला गेलेल्या डॉक्टरांबरोबर ती गेली. तीन महिन्यांसाठी जाते म्हणाली. साथ ओसरली, बरोबरचे परत आले, ही आली नाही. कुरुनेगला नावाच्या गावी बायकांच्या दवाखान्यात राहिली. एकदाही घरी आली नाही. आईला खुशाली कळवत होती, पण का राहिली ते एका अक्षरानं सांगितलं नव्हतं. रुख्मिणीबाईंनी मनात शंभर कारणं रचली होती. कोणी माणूस असेल. काही आजार असेल, लपवत असेल. आपलंच काही चुकलं असेल.

दीर गिरिधर बायकोला घेऊन रामेश्वराच्या यात्रेला निघाला, तेव्हा त्यांनी संधी साधली. चंपतराव आरामखुर्चीत पेपर वाचत होते.

"मी गिरिधरभाऊजीसंग जातो म्हणते. आन तिथून पुढं पोरीले भेटून येतो."

चंपतरावांनी पेपर खाली केला नाही. "गिरिधर रामेश्वरापर्यंत हाय. त्याच्या पुढचं मले विचारू नको."

रुख्मिणीबाईंनी याचा अर्थ परवानगी असा केला आणि चिवडा भाजायला घेतला.

धनुष्कोडीला बोटीवर चढण्याआधी एका डॉक्टरानं त्यांची नाडी पाहिली, डोळे पाहिले, गोपिकानं आधीच काढून ठेवलेला परवाना पाहिला. गिरिधर धक्क्यावर चुळबुळत उभा होता.

"वहिनी, अजून विचार करा. बोट पाहा कशी हलून राहिली."

"हलू द्या. बोटच हाय ते," त्या म्हणाल्या. पण पाय फळीवर टाकताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. आयुष्यात इतकं पाणी त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि याला पाळ नाही ही गोष्ट मनाला पटत नव्हती. समुद्र त्यांनी सबंध वाट उभं राहून पाहिला. शेजारच्या बाकावरची मद्रासी बाई बसा बसा म्हणून खुणावत राहिली, पण बसलं तर कठड्याच्या वर दिसत नव्हतं.

तलैमन्नारच्या धक्क्यावर गोपिका उभी होती. बारीक झालेली, उन्हानं करपलेली, पायात बुटं. रुख्मिणीबाईंनी तिला नखशिखान्त पाहिलं. आजारी दिसत नव्हती. एक कारण गळालं.

"मोटार कोण चालवते?" त्यांनी विचारलं. बाहेर कापडी टपाची एक जुनी मोटार उभी होती.

"मी. दवाखान्यातल्या बाईची हाय, आठ दिवसांसाठी मागून आणली. सुट्टी तेवढीच भेटली." गोपिकानं ट्रंक मागे टाकली. "तुले घरी नेऊन बसवून ठेवू, का फिरवू?"

"फिरव."

रुख्मिणीबाई टांग्यात बसावं तशा मागच्या सीटवर जाऊन बसल्या. गोपिका हसली. "माय, समोर बस. मांगून बोलशील तर इंजिनात मले ऐकू येत नाही. आन तू बोलशीलच."

पहिल्या मैलातच त्या बोलू लागल्या. मन्नारची झाडं पाहून त्यांनी मोटार थांबवायला लावली. बुंधा एखाद्या खोलीएवढा आणि वर नुसत्या वाळक्या मुळ्या, जणू कोणी झाड उपटून उलटं रोवलंय. कोणी लावलं? अरबांनी आणलं म्हणतात. अरबांनी काहून आणलं? ते गोपिकाला ठाऊक नव्हतं. मग रस्त्यातली गाढवं. मग रस्त्याकडेला पाण्यात एका पायावर उभे असलेले गुलाबी पक्षी. गोपिका उत्तरं देत होती, नसेल ठाऊक तर तसं सांगत होती, आणि रुख्मिणीबाईंना मधेच वाटून गेलं की इतकं एका दमात आपण या पोरीशी कधी बोललोच नव्हतो. घरी बोलायचं ते जेवणाचं आणि लग्नाचं.

अनुराधपुराला एक डोंगर दिसला. वर झाडं वाढलेली, माकडं उड्या मारतायत.

"हा डोंगर नाही," गोपिका म्हणाली. "स्तूप हाय. पूर्ण विटांचा. दीड हजार वर्षांच्या वरचा."

रुख्मिणीबाई जवळ गेल्या. मुळ्यांनी धरून ठेवलेल्या विटा हातानं चाचपल्या. त्यांनी मान वर करून टोक पाहिलं, मग खाली, मग आजूबाजूच्या सपाट जमिनीकडे पाहिलं.

"एवढ्या विटांची माती कुठून काढली असंन? तो खड्डा कुठी हाय?"

गोपिका थबकली. तीन वर्षं ती पाहुण्यांना इथं आणत होती, पण हा खड्डा तिच्या डोक्यात आला नव्हता. "मालूम नाही. कदाचित त्याचेच तलाव झाले असंन. इथी तलाव बहुत हायेत."

"असंन," रुख्मिणीबाई म्हणाल्या, पण पुरतं समाधान झालेलं दिसलं नाही.

त्यांचं सगळ्यात जास्त मन रमलं ते एका दगडी डोणीपाशी. नावेएवढी लांब, एका जागी पडलेली. जुन्या काळी हजारो भिक्षूंना वाढायचा भात तिच्यात ओतत, असं गोपिकानं सांगितलं. रुख्मिणीबाई भाताच्या मुलखातल्या. त्या डोणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या, आत हात घालून खोली पाहिली, मग बराच वेळ उभ्या राहिल्या.

"काय झालं माय?"

"हे धुवाचं कोण?"

गोपिकाला हसू आवरेना. तिथं फुलं विकणारी एक म्हातारी होती, तिला तिनं हाच प्रश्न तिथल्या भाषेत विचारला. म्हातारीही हसली, काहीतरी बोलली, गोपिकानं उलट काहीतरी म्हटलं, आणि दोघी पुन्हा हसल्या. रुख्मिणीबाई बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या. शब्द एकही कळत नव्हता. आपल्या पोटची पोरगी एका परक्या बाईशी थट्टामस्करी करते आहे आणि आपल्याला त्यातलं अवाक्षर समजत नाही, ही गोष्ट त्यांना खुपली नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. उलट अजून बोल असं वाटलं. डोंगर पाहावा, बोट पाहावी, तसं त्यांना गोपिकाकडे पाहावंसं वाटू लागलं होतं.

माथ्यावर जुना राजवाडा असलेला सिगिरियाचा खडक त्या नऊवारी लुगड्याचा काष्टा घट्ट खोचून चढल्या. एक गोरी बाई लांब झग्यामुळे खालीच अडकली होती. तिनं यांच्या काष्ट्याकडे हेव्यानं पाहिलं. मधल्या वाटेला एक भिंत होती, एके काळी आरशासारखी गुळगुळीत. तिच्यावर बारीक बारीक अक्षरं खोदलेली.

"हे काय लिहिलं हाय?"

"हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे लोक. वरची चित्रं, हा राजवाडा पाहाले दूरदूरच्या गावाहून येत होते. पाहून काय वाटलं ते इथी खोदून जात. आता पंडित लोक ते वाचून राहिले. बायांनी लिहिलेलंही हाय त्याच्यात."

"तवाही राजा होता इथी?"

"नाही. राजवाडा तवाच ओसाड झाला होता."

"मंग दर्शनाले येत होते?"

"नाही माय. नुसतं पाहाले."

रुख्मिणीबाईंनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं नाही, पण अगदी जवळ जाऊन पाहिलं. नुसतं पाहायला. यात्रा नाही, नवस नाही, लग्नकार्य नाही. हजार वर्षांपूर्वी कुठली तरी बाई घरातून निघाली, घरच्यांना काय सांगून निघाली असेल कोण जाणे, आणि इथवर चढून आली. रामेश्वराचं नाव सांगून निघालेल्या रुख्मिणीबाईंना या गोष्टीनं फार बरं वाटलं. उरलेल्या पायऱ्या त्या न थांबता चढल्या. माथ्यावर, इतक्या उंचावर, पाण्याचा एक चौकोनी तलाव होता. तो पाहिल्यावर मात्र त्या खाली बसल्या आणि पाणी वर कसं येत असेल यावर विचार करत राहिल्या.

हबरणच्या पुढे, जंगलातल्या रस्त्यावर, चाक बसलं. गोपिकानं पदर खोचून स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. एक लॉरी आली. लॉरीवाल्यानं दोन्ही चाकं ठिगळ लावायला हबरणला नेली आणि संध्याकाळपर्यंत आणून देतो म्हणाला. जवळच चार-सहा घरांची वस्ती होती. तिथल्या एका बाईनं त्यांना ओसरीवर बसवलं, शहाळी फोडून दिली. तिचं नाव पुंची. पन्नाशीची, रुख्मिणीबाईंच्याच वयाची. घरामागे झाडीनं भरलेला लांबच लांब उंचवटा होता. रुख्मिणीबाईंनी शहाळं प्यायच्या आधीच तो ओळखला.

"ते पाळ हाय."

"कशावरून?" गोपिकानं विचारलं.

"टेकडी इतकी सरळ नसते वं."

पुंची त्यांना वर घेऊन गेली. खरंच पाळ होती, मधोमध फुटलेली. तलावाच्या जागी रान माजलं होतं, थोड्या खोलगट भागात तेवढं पाणी आणि कमळं. पाळीवरून जरा चालल्यावर दगडांनी बांधलेला एक चौकोन लागला. विहिरीसारखा. दगड असे घट्ट बसवलेले की मध्ये नख जाणार नाही. आत खाली काळोख आणि पालापाचोळा.

"याले बिसोकोटुव म्हणते," पुंचीचं बोलणं ऐकून गोपिका सांगू लागली. "बिसो म्हणजे राणी. राणीचा कोट. जुन्या काळी राणी इथी आंघोळ करत होती म्हणते."

रुख्मिणीबाईंनी आत वाकून पाहिलं. "राणीले दुसरी जागा भेटली नाही? पाळीच्या पोटात कोण आंघोळ करन? पाणी ओढून नेईन तिले." त्या पाळीच्या आतल्या बाजूला गेल्या, मग बाहेरच्या. काट्यांनी लुगडं फाटलं तरी थांबल्या नाहीत. आतल्या अंगाला दगडी नळाचं तोंड होतं, बाहेरच्या अंगालाही होतं. "हे तुडुम हाय. पाणी इकडून येते, या चौकोनात पडते, तिकडून निघते. आमच्याकडं लाकडाचं बूच काढते. पण हा चौकोन काहून मधे? आन याच्यात माणूस उतरत होता का? उतरला तर बुडत कसा नव्हता?"

गोपिकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पुंचीलाही नव्हतं. तिनं राणीचीच गोष्ट पुन्हा सांगितली. तिला ती पुरेशी होती. ती पाळीवरून उतरून कामाला निघून गेली, आणि मायलेकी त्या चौकोनाच्या काठावर बसून राहिल्या.

रुख्मिणीबाईंनी दगडाचा एक खडा आत टाकला. पाण्याचा आवाज आला. मग पाण्याकडेच बघत, जणू त्याच खड्ड्याबद्दल विचारावं तशा सुरात त्यांनी विचारलं, "तू काहून राहिली वं इथी?"

गोपिकानं एक काडी उचलली. काडीनं ती दगडातली माती उकरत राहिली.

"खरं सांगू? मोठं काही कारण नाही. तीन महिने झाले, साथ गेली. सामान बांधलं होतं. तवा एक बाई आली, तिले दिवस गेले होते. तापात तिचे पहिले दोन्ही लेकरं मेले होते. मले वाटलं, हे तिसरं जगते का नाही ते पाहून जाऊ. मंग त्याले दात आले. मंग दुसऱ्या बायांचे. तापातून वाचलेले पोट्टे शाळेत जाऊ लागले. पुढं काय होते ते पाहाचं होतं, माय. बस. बाकीच्या डॉक्टरांनी दवा देली आन गेले. मले जाता आलं नाही."

"दुसरं कोणी नाही?"

"माणूस म्हणते का? नाही. असता तर तुले पहिले सांगितलं असतं."

रुख्मिणीबाईंच्या मनातली शंभर कारणं एका दमात निकालात निघाली आणि राहिलं ते हे एवढंसं. पुढे काय होतं ते पाहायचं होतं. तलावाच्या पाळीवर एका माणसाच्या मागे धावणारी, मग कुठी जाते म्हणून विचारणारी पोर त्यांना आठवली, आणि हे कारण त्यांना एवढंसं वाटेना.

"पण भेटाले तर येणं होतं. तीन वर्षं झाले."

गोपिकानं काडी टाकून दिली. "बाबांनी तुले सांगितलं नाही?"

"काय?"

"मले टेसनावर सोडाले आले होते ना. मीच म्हणलं होतं, वाटलं तर अजून राहीन म्हणून. ते म्हणाले, तीन महिन्यांत आली तर तुझं घर हाय. नाही आली, तर मंग येशीन ते कायमची येशीन. पाहुणीसारखं येणंजाणं माझ्या घरात चालणार नाही. मी वाट पाहिली, ते काही सांगून पाठवतीन म्हणून. त्यांनी नाही पाठवलं."

 त्या दिवशी स्टेशनवरून परत आलेले चंपतराव रुख्मिणीबाईंना आठवले. डोकं दुखतं म्हणून न जेवता निजले होते. तीन वर्षं त्या समजत होत्या, पोरीनं घर सोडलं. आणि घराचं दार ओढून घेणारा माणूस रोज समोर बसून जेवत होता. राग आला. पण राग नेऊन ठेवायचा माणूस समुद्रापलीकडे होता, म्हणून त्यांनी आणखी एक खडा खाली टाकला.

लॉरीवाला चाकं घेऊन आला तेव्हा ऊन उतरलं होतं. गोपिकानं हिशोब मांडला. सुट्टी संपत आली होती. लगेच निघून कँडीच्या वाटेला लागलं, तर डोंगरातलं अशोकवन पाहता येईल. इथं थांबलं तर फक्त जवळचं पोलोन्नरुव होईल.

"गल्लीतल्या बाया विचारतीन तुले," गोपिका म्हणाली.

"विचारू दे. दोर भेटन का इथी?"

त्यांनी पुंचीच्याच ओसरीवर मुक्काम केला, आणि सकाळी मायलेकींनी दोराला दगड बांधून राणीचा कोट मोजला. दोर पाण्यात बराच खाली गेला. आत, आतल्या तोंडाच्या वर, दगडात समोरासमोर दोन उभ्या खाचा होत्या. गोपिकानं पालथं पडून हातानं त्या चाचपल्या. फळी बसत असेल, असं दोघींना वाटलं. पण फळी वर कोण खेचत असेल, पाण्याच्या दाबाखाली ती हलत कशी असेल, ते काही सुटलं नाही. दोघींच्या अंगाला जळवा लागल्या. मीठ लावून त्या काढताना दोघी दोन वेगवेगळी उत्तरं ठासून मांडत होत्या.

पोलोन्नरुवला खडकात कोरलेला निजलेला बुद्ध होता. रुख्मिणीबाईंना तो शांत चेहरा आवडलाच, पण त्यांनी गोपिकाचं लक्ष वेधलं ते उशीकडे. दगडाची उशी, आणि डोक्याखाली ती थोडी दबलेली होती, खऱ्या उशीसारखी. कोरणाऱ्याला हे सुचलं कधी, झोपलेल्या कोणाकडे पाहत बसला असेल, यावर बोलता बोलता त्या कुरुनेगलाला पोचल्या. दवाखान्याच्या दारात एक नागडं पोर गोपिकाच्या पायाला येऊन बिलगलं. तेच ते तिसरं. त्याला दात पुरे आले होते.

नागपुरास आल्यावर आठ दिवस गल्लीतल्या बायका येत राहिल्या. अशोकवन पाहिलं नाही म्हटल्यावर प्रेमिलाचा चेहरा पडला.

"इतक्या दूर जाऊन? मंग काय पाहिलं तुम्ही?"

मग रुख्मिणीबाई डोण सांगत, उशी सांगत, उलटी झाडं सांगत. आणि शेवटी राणीचा कोट. हातानं दाखवत, इकडून पाणी येते, इथी पडते. पलीकडच्या खोलीत चंपतराव खटल्याचे कागद चाळत बसलेले असत. आल्यापासून त्यांनी प्रवास कसा झाला एवढंच विचारलं होतं. पण हळूहळू रुख्मिणीबाईंच्या लक्षात आलं, की कोटाची गोष्ट सुरू झाली की पलीकडचे कागद वाजायचे थांबतात.

एका रविवारी जेवताना त्यांनी विचारलंच. "तो चौकोन पाळीच्या मधोमध होता, का आतल्या अंगाले?"

"आतल्या अंगाकडं जरा जवळ."

"आन बाहेरचा नळ आतल्यापेक्षा मोठा, का बारका?"

"मोठा वाटला."

चंपतरावांनी ताटाबाहेर ओल्या बोटानं फरशीवर पाळ काढली, चौकोन काढला. "म्हणजे जोर चौकोनातच मोडत असंन. आमच्याकडं तुडुम फुटते ते जोरानंच. पण फळी... फळी कशी उचलत होते?" ते पाण्याच्या रेषांकडे बघत राहिले. "तिनं दोर सोडून पाहिला म्हणते, तर खाचा कुठवर होत्या?"

तिनं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

रुख्मिणीबाईंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. "टेसनावर तिले काय म्हणाले होते तुम्ही?"

चंपतरावांचं बोट थांबलं.

"मले तिनं सांगितलं. मी विचारलं म्हणून सांगितलं."

"रागात म्हणलं होतं," ते म्हणाले. "वाटलं होतं, त्या धाकानं तरी येईन."

"नाही आली. मंग?"

"मंग काय. बोललेलं मांगं कसं घ्याचं ते समजलं नाही."

"दुसऱ्याचे बोललेले शब्द कोर्टात रोज फिरवता तुम्ही." रुख्मिणीबाईंचा आवाज चढला नव्हता. "राग तुमचा होता. तीन वर्षं मात्र माझेही गेले."

 फरशीवरचा तलाव वाळत चालला होता.

"ते खाचा कुठवर होत्या, मले मालूम नाही," त्या म्हणाल्या. "हात तिनं घातला होता. तिले विचारा. ती इथी येऊ शकत नाही, तुम्हीच तशी अट घातली. तुम्हाले कोणी घातली नाही."

त्या वर्षभरात त्यांनी हा विषय पुन्हा काढला नाही. चंपतरावांनी मात्र तलावांवरची दोन जाडजूड सरकारी पुस्तकं कुठून तरी मिळवून आणली आणि वाचून नापसंतीनं परत केली. दिवाळी झाल्यावर एके दिवशी त्यांनी नाताळात कोर्ट किती दिवस बंद असतं ते मोठ्यानं बोलून दाखवलं. रुख्मिणीबाई चिवडा भाजायला उठल्या.

तलैमन्नारच्या धक्क्यावर बाप-लेक काय बोलतील याची त्यांनी बोटीत खूप कल्पना केली होती. प्रत्यक्षात चंपतराव म्हणाले, "खाचा कुठवर होत्या?" आणि गोपिका म्हणाली, "तळापर्यंत नाही. पण तुम्ही पाहून घ्या. मले पक्कं सांगता येत नाही."

त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत पडला होता. फुटक्या पाळीच्या आतल्या बाजूला गुडघाभर पाणी. वकीलसाहेब धोतर खोचून पाण्यात उतरले. गोपिका वरून दोर धरून उभी होती. ते नळाच्या तोंडात काठी घालायचे आणि ओरडून विचारायचे, "दिसली?" ती वरून नाही म्हणायची. मग त्यांनी वर येऊन सांगितलं की फळी नसणारच, दगडी दट्ट्या असेल. गोपिका म्हणाली, मग खाचा कशाला? दोघांचं जुंपलं. चंपतराव कोर्टात बोलतात तसे बोलू लागले, आणि तीही मागे हटेना. दुपारपर्यंत तेच. नागपूर, तीन वर्षं, स्टेशन यातलं काहीच कोणी बोललं नाही.

रुख्मिणीबाईंनी पाळीवरच्या सावलीत केळीची पानं मांडली. पुंचीनं लाल तांदळाचा भात आणि नारळाच्या दुधातली भाजी पाठवली होती. चंपतराव भिजलेल्या धोतरानंच येऊन बसले. पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला.

"तू रोज हेच खाते का इथी?" त्यांनी लेकीला विचारलं.

"बहुतेक."

"जमते तुले?"

"पहिले नव्हतं जमत. आता जमते. सकाळी तांदळाच्या पिठाचं करते इथी, धिरड्यासारखं, पण मधे खोलगट. ते आवडते."

"कोण करून देते?"

"शेजारची बाई. कधी मी करतो."

"तुले येते?"

"पहिले आठ दिवस कढईले चिकटत होतं," गोपिका म्हणाली, आणि ते कसं करतात ते सांगू लागली. पीठ कधी भिजवायचं, ताडी किती घालायची, कढई कशी फिरवायची. चंपतराव हातातला घास तसाच धरून ऐकत होते. मधेच त्यांनी विचारलं, कढई लोखंडाची का मातीची?